एस्कोच्या यंत्रातला थेंब

तुर्कू, ३ मे

ती. एस्कोदादास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन सोडून पत्र का, ते तुला माहीत आहे. परवा फोनवर मी एवढं घडाघडा बोलले आणि तिकडून नुसतं हं, हं येत राहिलं. मी चिडले, तू फोन ठेवलास, आणि ठेवता ठेवता मागून आईचा आवाज आला, की दोघं लिहून भांडा, निदान मला वाचायला तरी मिळेल. आईची आज्ञा शिरसावंद्य. शिवाय कागदावर तू माणसासारखा बोलतोस, हा माझा जुना अनुभव आहे.

नवीन स्वयंपाकघर एकदाचं पुरं झालं. तुझ्या मेहुण्यानं, तापानीनं, सगळं स्वतःच्या हातानं केलं. व्यायामशिक्षकाच्या हातानं जेवढं सरळ होतं तेवढं ते सरळ आहे. मात्र एक गोष्ट त्यानं मला न विचारता केली. सिंकवरचं सुकवणीचं कपाट काढून टाकलं. आपण जन्मल्यापासून बघतो ते, तारांच्या फळ्यांचं, बिनबुडाचं. ओली भांडी आत ठेवली की थेंब सिंकमध्ये पडतात आणि दार लावलं की घर आवरल्यासारखं दिसतं, ते. त्या जागी आता एक दिवा आहे आणि शेपूची कुंडी. म्हणतो, की भिंतीला मोकळा श्वास हवा. आणि यंत्र जर भांडी धुऊन सुकवूनही देतं, तर वर कपाट कशाला?

पण यंत्र सुकवत नाही, दादा! तुझ्याकडचंच यंत्र, तोच नमुना, तूच घ्यायला लावलेलं. दार उघडावं तर बश्या घामाघूम, कपांच्या बुडांवर तळी साचलेली. मी ती फडक्यानं पुसते. हो, फडक्यानं. हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय.

आता खरं दुखणं सांगते. एकतीसला तुझ्या भाचीला, हेल्मीला, शाळा संपल्याची पांढरी टोपी मिळेल आणि आपल्याकडे मेजवानी. आई सोळालाच येते, वेलदोड्याचे पाव भाजायला. आणि मेजवानी झाली की ती ठरवणार आहे, इथे आमच्याकडे राहायचं की कुह्मोला तुझ्याकडे परत जायचं. तिची खोली मी तयार ठेवली आहे. दवाखाना कोपऱ्यावर, पोहायचा तलाव त्याच्या पुढे. ती यावी असं मला फार वाटतं, तुझ्यापासून काय लपवायचं. पण आई तुला ठाऊक आहे. जे काम हवा फुकट करते ते माणसानं करणं हा तिच्या लेखी निव्वळ येडेपणा. फडक्यानं भांडी पुसणाऱ्या घरात ती आठ दिवस काढणार नाही. एका ओल्या बशीपायी माझी आई हातची जायला नको. तेव्हा काय करू ते सांग, आणि सविस्तर सांग.

लोभ आहेच, तो तरी कोरडा पडू देऊ नकोस.

तुझी,
आइला

•

कुह्मो, ७ मे

चि. आइला हीस,
एस्कोचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईनं माझ्याआधी उघडून वाचलं होतं.

पहिली गोष्ट, यंत्र चुकत नाही. माणूस चुकतो, आणि दक्षिणेकडचा माणूस जरा जास्त चुकतो. तुमचं यंत्र तेच आहे जे माझं आहे, आणि माझं चार वर्षं एका थेंबाचीही तक्रार न करता चाललं आहे. मी ते रात्री लावतो, दार घट्ट बंद ठेवतो, आणि सकाळी कपाटातून कप काढतो तो चुन्याच्या खड्यासारखा कोरडा. तेव्हा खोट यंत्रात नसून भांडी लावण्यात आहे, हे सिद्धच झालं.

आता तत्त्व समजून घे आणि तापानीरावांनाही समजाव. त्यांना शिट्टी वाजवून समजत असेल तर तसं. शेवटचं पाणी कढत असतं. त्यानं चिनी मातीची बशी तापते. तापलेली बशी स्वतःच्या उष्णतेनं अंगावरचं पाणी उडवते. ती वाफ यंत्राच्या गार पत्र्याला लागते, पाणी होते आणि खाली ओघळते. एवढंच. आत ना पंखा आहे ना शेगडी. म्हणून दोन बश्यांत दोन बोटं अंतर पाहिजे, नाहीतर वाफ अडते. कप तिरपे पाहिजेत, म्हणजे बुडाच्या खळग्यात पाणी थांबत नाही. प्लॅस्टिकचे डबे ऊब धरत नाहीत, ते ओलेच निघणार, त्यासाठी यंत्राला बोल लावू नये. रिकामं करताना खालची जाळी आधी, वरची नंतर. नाहीतर वरच्या कपांचं पाणी खालच्या ताटांवर सांडतं आणि मग बायका भावांना पत्रं लिहितात. सोबत आकृती जोडली आहे. बाण ज्या दिशेला आहे त्या दिशेलाच कपाचा कान हवा.

कप्प्यांविषयी विचारशील म्हणून लिहितो. तळाशी मिठाचा कप्पा आहे. तो जर्मनांसाठी आहे, त्यांच्या पाण्यात चुना असतो. आपल्या देशाचं पाणी कोकरासारखं मऊ, त्याला मीठ कशाला? दाराच्या आतल्या बाजूला आणखी एक लहान गोल झाकण दिसेल. तेही त्याच जातीचं. दोन्हींकडे ढुंकून पाहू नकोस. आणि माहितीपुस्तिका वाचत बसू नकोस. बोटीची मोटर असो, करवत असो, मी यंत्रं वाचून शिकलो नाही, उघडून शिकलो. आणि आज या तालुक्यात बंद पडलेली मोटर आधी कुणाकडे येते ते विचार कुणालाही.

आईबद्दल मी काही म्हणत नाही. तिचं ती ठरवेल. अंगणाच्या पायऱ्यांना मी हिवाळ्याआधीच कठडा लावला आहे, त्याला वाळूचा खरखरीत रंगही दिला आहे, एवढी फक्त नोंद असावी.

मेजवानीला माझं येणं जमेल असं वाटत नाही. तो मोटरींचा हंगाम. हेल्मीला आशीर्वाद.

कळावे, आणि कळलं नाही तर आकृती पुन्हा पाहावी.

तुझा भाऊ,
एस्को

•

तुर्कू, १२ मे

ती. एस्कोदादास,
सा. न. वि. वि.

तुझी आकृती फ्रिजवर लावली आहे. हेल्मी म्हणते, की परीक्षेत एवढी अवघड आली नव्हती.

कालच्या मातृदिनाला तू आईला अंथरुणात कॉफी नेऊन दिलीस हे तिनं फोनवर सांगितलं. फुलं म्हणून भोपळ्याचं रोप नेलंस हेही सांगितलं. तुमच्याकडे अजून बर्फ आहे, फुलं कुठून आणणार म्हणा. ती खूश होती.

आता यंत्राचं. तू म्हणालास ते सगळं केलं. दोन बोटं अंतर ठेवलं, तर अर्धी भांडी बाहेर राहिली आणि यंत्र दोनदा लावावं लागलं. कप तिरपे केले. कान बाणाच्या दिशेला केले. तापानी तर जाळीपुढे गुडघे टेकून बसतो आणि एकेक बशी अशी ठेवतो, जशी काही ती बर्फावरून घसरून पडेल. मग आम्ही तिघं दार उघडताना श्वास रोखून उभे राहतो. पाणी तिथंच. कपांच्या बुडांवर तळी, पेल्यांवर थेंबांची जत्रा. परवा तापानीनं हेल्मीचं केस वाळवायचं यंत्र आणून ताटांवर फिरवलं. ताटं वाळली, पण शेपू पार करपला.

तापानीला आता एक शंका आली आहे, आणि ती मी लिहू नये असं त्याचं म्हणणं आहे, म्हणून लिहिते. तो म्हणतो, की तुमच्या दादाचं यंत्रसुद्धा ओलंच असणार, फक्त त्यानं कधी बघितलं नसेल. मी त्याला म्हटलं, की बाबा रे, माझा भाऊ मोटरीतला स्क्रू ओळखीच्या माणसासारखा नावानं हाक मारून लावतो, त्याला स्वतःच्या घरातलं पाणी दिसणार नाही? पण तो मान हलवत बसला.

आई चार दिवसांत येते. फडकी सगळी मी कपड्यांच्या कपाटात लपवून ठेवली आहेत.

तुझी आठवण काढते. मनात असलं तर तीही तिरपी ठेव, म्हणजे साचणार नाही.

आइला

•

कुह्मो, १५ मे

चि. आइला हीस,
आशीर्वाद, थोडे कमी उत्तम.

जावईबापूंची शंका वाचली. दोनदा वाचली. मग आईला मोठ्यानं वाचून दाखवली. ती तेव्हा खिडकीत उभी होती. तिला एकदम खोकला आला आणि सरोवरावरचा बर्फ फुटला का ते बघून येते म्हणून बाहेर गेली. बर्फ परवाच फुटला आहे, हे तिला माहीत आहे. वयाचा परिणाम असेल.

तापानीरावांना सांग, की मी या स्वयंपाकघरात चार वर्षं रोज सकाळी कोरड्या कपातून कॉफी पितो. कप कपाटात असतो. यंत्रातून निघून कपाटात जातो, कपाटातून माझ्या हातात येतो. या साखळीत ओल शिरायला जागाच नाही. तरीही त्यांचा विश्वास नसेल तर मी पैज लावतो, आणि ती लेखी लावतो: माझ्या यंत्रातून निघालेल्या भांड्यावर एक थेंब जरी सापडला, तर मी हेल्मीच्या मेजवानीला येईन, आईचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधीन आणि पाहुण्यांचे सगळे कप हातानं धुवीन. माझ्या यंत्रावर माझा तेवढा भरवसा आहे.

तुमच्याकडे आता एकच शक्यता उरते, पाणी पुरेसं तापत नाही. कार्यक्रम संपायच्या जरा आधी दार उघडून मांस भाजायचा थर्मामीटर आत ठेवून बघ. हात सांभाळ.

आई उद्या निघते. मी तिला मोटारीनं कायानीच्या स्टेशनवर सोडीन. तांपेरेला गाडी बदलायची आहे. तिथं ती कुणाशीही बोलत बसते आणि गाडी चुकते, तेव्हा तिला सारखा फोन करत राहा. गुडघ्याचं मलम तिच्या हिरव्या पिशवीत आहे, विचारल्याशिवाय ती लावत नाही. कॉफी दुपारी तीननंतर देऊ नकोस, मागितली तरी.

आणि एक. काळ्या पावाच्या आंबवणाचं लाकडी भांडं ती बरोबर घेऊन येते आहे. दर वेळी ती त्यातलं थोडं आंबवण फडक्यात बांधून नेते आणि भांडं इथं ठेवते. या वेळी भांडंच चादरीत गुंडाळलं. मी काही म्हटलं नाही. ते भांडं आजीपासून कधी धुतलेलं नाही, धुतलं की आंबवण मरतं, हे तापानीरावांना नीट सांग. ते सध्या काहीही यंत्रात घालण्याच्या मनःस्थितीत दिसतात.

लोभ पुरवून वापरावा.

एस्को

•

तुर्कू, १९ मे

चि. एस्कोस,
आईचा आशीर्वाद.

पोचले. तांपेरेला एक बाई भेटली, तिचा मुलगाही मोटरी दुरुस्त करतो. गाडी चुकली नाही, थोडक्यात राहिली.

हेल्मी उंच झाली आहे. आइला वाळली आहे. जावई भला माणूस आहे, पण लपून भांडी पुसतो. काल मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात पाठमोरा उभा, हातात पट्ट्यापट्ट्यांचं फडकं. मला बघून ते त्यानं खिशात कोंबलं. मी काही पाहिलं नाही असं दाखवलं. कपड्यांच्या कपाटात अजून दहा-बारा फडकी आहेत. माझे मोजे ठेवायला गेले तेव्हा दिसली. बिचारी पोरं. सिंकच्या वर कपाट नाही, एक करपलेली कुंडी आहे.

आंबवणाचं भांडं मी पलंगाखाली ठेवलं आहे. जावई दोनदा विचारून गेला, की हे धुवायचं आहे का.

तू जेवतोस ना? फ्रीजमध्ये वाटाण्याचं सार आहे, गुरुवारपर्यंत पुरेल. कप सापडतात ना सकाळी?

आई

•

कुह्मो, २२ मे

चि. आइला हीस,
एस्कोचे आशीर्वाद.

हे पत्र आईला वाचून दाखवू नये. जमल्यास तापानीरावांनाही नको, पण ते जमणार नाही हे मला कळतं.

आईला सोडून आलो त्या रात्री नेहमीसारखं यंत्र लावलं. सकाळी कपाट उघडलं तर कपाटात एकही कप नाही. मी त्या रिकाम्या तारांवरून हात फिरवून पाहिला. मग लक्षात आलं, की कप अजून यंत्रातच असणार. यंत्राचं दार मी सकाळच्या वेळी पहिल्यांदाच उघडलं. वरची जाळी ओढली आणि कपांच्या बुडांवरचं सगळं पाणी एकदम माझ्या पायांवर आलं. लोकरीचे मोजे. आईनं विणलेले.

मला आधी वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुन्हा मोजे. तिसऱ्या दिवशी मी अनवाणी उघडलं आणि मान्य केलं.

आइला, ते यंत्र चार वर्षांत कधी सुकवतच नव्हतं. मी पहाटे अंथरुणात असताना आई उठायची, ओले कप, ओली ताटं एकेक करून काढून सुकवणीच्या कपाटात ठेवायची, आणि मी उठेपर्यंत ती तिथं वाळलेली असायची. मी पाहिलेली साखळी बरोबर होती. फक्त तिच्यात एक माणूस होतं, ते मी धरलं नव्हतं.

मग मी यंत्र उघडलं. सगळं. पंप, तापक, नळ्या, फिरते हात, सगळं स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रावर मांडलं. एकूण एक भाग ठणठणीत. तेवढ्यात शेजारचा उर्पो त्याच्या बोटीची मोटर घेऊन आला. बघतो तर मी मधोमध बसलेलो. म्हणाला, की एस्को, माझ्या बोटीत पाणी शिरलं तरी यापेक्षा कोरडी असते रे. मी म्हटलं, की मोटर ठेव आणि जा. तर जाताना दाराला आतून बोट लावून म्हणाला, की हे गोल झाकण कसलं? आमची बायको यात निळं काहीतरी ओतत असते.

ते झाकण. ज्याच्याकडे ढुंकूनही पाहू नकोस असं मी तुला लिहिलं होतं. उघडलं तर आत कारखान्यातून आलं तसं कोरं करकरीत. त्यात एक पातळ रसायन घालायचं असतं, दुकानात साबणाच्या वड्यांशेजारीच बाटली असते. ते शेवटच्या पाण्यात थोडं थोडं पडतं. त्यानं पाणी थेंब धरून बसत नाही, पातळ पापुद्र्यासारखं पसरून ओघळून जातं, आणि उरलेलं बशीच्या उबेनं उडतं. म्हणजे तत्त्व मी बरोबर सांगितलं होतं. अर्धं. मिठाचा कप्पा आपल्याला लागत नाही म्हणून मी दुसऱ्यालाही त्याच दावणीला बांधलं. मीठ चुन्यासाठी, आणि हे सुकण्यासाठी. पाणी मऊ असो की कडक.

म्हणून आता असं कर. झाकण अर्धं फिरवून उघड, खुणेपर्यंत ते निळं भर, सांडलेलं पुसून घे, नाहीतर फेस होतो. शेजारी आकड्यांची चकती असेल, ती मधल्या आकड्यावर ठेव. काचेवर निळसर झाक दिसली तर कमी कर, थेंब दिसले तर वाढव. धुणं संपलं की दार हातभर नव्हे, चार बोटं उघडं ठेव आणि कॉफी पिऊन ये. दार सकाळपर्यंत बंद ठेवण्याचा माझा सल्ला मागे घेतो. आत कोंडलेली वाफ थंड होऊन पुन्हा भांड्यांवरच बसते. थर्मामीटरही राहू दे. बाकी आकृती कायम.

पैज मी हरलो आहे. मेजवानीच्या आदल्या दिवशी, तीसला, सकाळच्या गाडीनं येतो. ॲप्रन आईकडे आहे.

हे जमलं की तुझ्याकडे पुसणं उरणार नाही, म्हणजे आईची अडचणही उरणार नाही. ते ठीकच आहे. दवाखाना जवळ आहे.

यंत्र जोडून झालं. एक स्क्रू उरला आहे. तो कुठला ते कळेपर्यंत झोप लागणार नाही.

लोभ असावा, असल्याची खात्री दार उघडून करून घ्यावी.

एस्को

•

तुर्कू, २६ मे

ती. एस्कोदादास,
सा. न. वि. वि.

कोरडं! दादा, खणखणीत कोरडं! काल रात्री दार चार बोटं उघडं ठेवलं, कॉफी प्यायलो आणि जाळी ओढली. बशीवरून बोट फिरवलं तर ती चक्क कुईं म्हणाली. तापानीनं मला उचलून स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं. मग त्यानं घरातली धुतलेली भांडीसुद्धा पुन्हा यंत्रात घातली, नुसतं बघायला. फडकी आता उघड्यावर आली आहेत. त्यांनी तो सायकल पुसतो.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. तिनं ते माझ्याआधी उघडून वाचलं होतं. मी विचारलं, की आई, तू एवढी वर्षं त्याला बोलली का नाहीस? तर म्हणाली, की तो रोज सकाळी त्या कपाकडे बघून इतका खूश व्हायचा, सांगणार कसं? आणि माझं काय जात होतं, सरोवर बघत बघत काम व्हायचं. एवढं बोलून पाव मळायला लागली. मोज्यांचं मात्र तिला वाईट वाटलं, नवी जोडी सुईवर घेतली आहे.

कुठं राहायचं ते विचारलं. ठरवलं आहे म्हणाली, पण मेजवानीनंतर सांगेन. आज मात्र सकाळी उठून स्वयंपाकघरात आली, यंत्र उघडलं, एक बशी हातात घेऊन उलटसुलट केली, आणि खुर्चीवर बसून राहिली. पसंत पडलं असावं. माझा जीव भांड्यात पडला, कोरड्या भांड्यात.

ॲप्रनला इस्त्री करून ठेवली आहे. तापानी म्हणतो, की पैज सोडून देऊ, पाहुणा माणूस. मी म्हटलं, की माझ्या भावाला ओळखत नाहीस, सोडलीस तर तो रागावेल.

तुझ्यावर होती त्याहून जास्त माया आहे. वाढलेली कुठं ठेवायची ते ये आणि सांग.

आइला

•

तुर्कू, ५ जून

चि. एस्कोस,
आईचा आशीर्वाद.

मेजवानी छान झाली. सगळे विचारत होते, की फुलाफुलांचा ॲप्रन घातलेला तो उंच माणूस कोण. हेल्मी सगळ्यांना सांगत होती, की माझा मामा आहे, त्याला यंत्रं फार कळतात. तू ऐकलं नसशील. तू दुपारभर सिंकपाशी पाठ करून उभा होतास. कप मात्र लखलखीत धुतलेस, आणि तिरपे ठेवलेस. मला तुला एक सांगायचं होतं. पाठीला काय सांगणार? आणि सकाळी मी उठेपर्यंत तू स्टेशनवर गेलासही.

तेव्हा लिहिते. मी पुढच्या शुक्रवारी परत येते.

आइला रडली थोडी. मग समजली. मी तिला सांगितलं, की तुझं घर चांगलं आहे, जावई चांगला आहे, खोलीत सकाळी ऊन येतं, हिवाळ्यात गुडघा दुखला तर येऊन राहीन. पण इथे मी पहाटे उठते आणि स्वयंपाकघरात येते, तर सगळं झालेलं असतं. कप कोरडे. ताटं कोरडी. मी हात मांडीवर ठेवून बसते आणि बाकीचे उठायची वाट बघते. एवढी वाट बघण्याएवढी म्हातारी मी अजून झालेली नाही.

आंबवणाचं भांडं चादरीत गुंडाळलं आहे. मी ते आणलं ते का, हे तू विचारलं नाहीस आणि मीही बोलले नाही. मला वाटलं होतं, की तुझं यंत्र आहे, तुझं सगळं व्यवस्थित चालतं, तुला म्हातारीची काय गरज. मग तुझं ते फरशीवर सगळं मांडल्याचं पत्र वाचलं.

स्क्रूची जागा सापडली का?

तांपेरेला गाडी बदलताना मी कुणाशी बोलणार नाही. फार नाही.

एकच सांगणं. ते निळं पाणी आपल्या यंत्रात घालू नकोस.

आई

•

कुह्मो, ९ जून

ती. आईस,
एस्कोचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. ते मी स्वतः उघडलं, दुसरं कुणी नसल्यामुळे.

निळं पाणी मी मेजवानीहून आल्या आल्या घातलं होतं. यंत्र अर्धवट चालवत ठेवणं मला पटत नाही. कप कोरडे निघत होते. कपाट रिकामंच राहत होतं, कारण कप आता सरळ यंत्रातूनच घेता येत होता. यात तांत्रिक दोष काही नव्हता. तरी कॉफी बरी लागत नव्हती.

तुझं पत्र वाचून झाल्यावर ते झाकण उघडलं आणि इंजेक्शनच्या पिचकारीनं सगळं काढलं. कोपऱ्यातलं पिचकारीला येईना, ते कापूस काडीला गुंडाळून टिपलं. मग तीन वेळा यंत्र रिकामं चालवलं आणि चौथ्यांदा भांडी लावून तपासलं. मोजे काढून ठेवले होते. भांडी पुन्हा पूर्वीइतकी ओली निघतात. बाटली उर्पोच्या बायकोला देऊन टाकली. तिनं काय झालं विचारलं. मी म्हटलं, की आमचं पाणी मऊ आहे.

स्क्रू सापडला. म्हणजे स्क्रूची जागा सापडली. तो यंत्राचा नव्हताच, उर्पोच्या मोटरीचा होता.

कठड्याला पुन्हा एक हात रंग दिला आहे, शुक्रवारपर्यंत वाळेल. भोपळ्याच्या रोपाला दोन पानं फुटली आहेत. गाडी कायानीला येते तेव्हा मी फलाटावर असेन, भांडं तू उचलू नकोस, मी उचलीन.

शुक्रवारी रात्री यंत्र नेहमीसारखं लावीन आणि दार घट्ट बंद ठेवीन. शनिवारी सकाळी ते मी उघडणार नाही.

तुझा,
एस्को